व्हायोलिन व व्हायोला यांचे वैयक्तिक अध्यापन : विविध वयोगटांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगीतशिक्षणाचा विचार करताना सामान्यतः संस्था, अभ्यासक्रम व परीक्षा यांचीच चर्चा होते. प्रत्यक्षात मात्र तंतुवाद्यांचे शिक्षण बहुतांशी शिक्षकाच्या अथवा विद्यार्थ्याच्या घरी, एका खोलीत, एका शिक्षकासमोर बसलेल्या एकाच विद्यार्थ्याला दिले जाते. या शिकवणीला फळा नसतो, हजेरीपट नसतो आणि बहुतेक वेळा तिचे निरीक्षण करणारा तिसरा माणूसही नसतो. त्यामुळे तिचे गुण जसे झाकलेले राहतात तसेच दोषही झाकलेले राहतात. पहिल्या वर्षात चुकीची धरलेली हनुवटी, आखडलेला अंगठा किंवा बेसूर बसलेले बोट पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्याची सोबत करते. कित्येकदा तेच वाद्य सोडण्याचे कारण ठरते.

अशा शिक्षकाकडे एकाच दिवशी पाच वर्षांचे बालक, दहावीची विद्यार्थिनी, नोकरी करणारा तरुण आणि सेवानिवृत्त गृहस्थ असे सर्वजण येऊ शकतात. वाद्य तेच असले तरी शरीर, कान, वेळ आणि अपेक्षा भिन्न असतात. प्रस्तुत लेखात व्हायोलिन व व्हायोला या दोन वाद्यांच्या वैयक्तिक अध्यापनाचे स्वरूप, त्यातील क्रम आणि वयानुसार करावे लागणारे बदल यांचे विवेचन केले आहे. वयोगट बदलला की पद्धती बदलते; परंतु शिकण्याचा मूळ क्रम बदलत नाही, हे या लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

१. पार्श्वभूमी

व्हायोलिन अध्यापनाची लिखित परंपरा बरीच जुनी आहे. लिओपोल्ड मोझार्ट यांचा व्हायोलिन शिक्षणावरील जर्मन ग्रंथ १७५६ साली प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकात कार्ल फ्लेश, इव्हान गॅलेमिअन, पॉल रोलंड यांनी या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. जपानमध्ये शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो येथून बालशिक्षणाची स्वतंत्र चळवळ उभी केली.

भारतात हे वाद्य दोन वाटांनी रुजले. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते युरोपीय शिक्षकाकडून आत्मसात करून कर्नाटक संगीतात आणले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन, गायन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळत असे. या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी मुंबईतील वाद्यवृंद आणि चित्रपटसंगीत समृद्ध केले. मजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकी एक होत. संगीतकार प्यारेलाल यांनी बालपणी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले, ही बाब सर्वश्रुत आहे.

हिंदुस्थानी संगीतात गजाननराव जोशी (१९११–१९८७), वि. गो. जोग (१९२२–२००४), दा. के. दातार (१९३२–२०१८) व एन. राजम यांनी व्हायोलिनला एकलवादनाचे स्थान मिळवून दिले. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासमोर आजही दोन परंपरा उभ्या असतात. पाश्चात्त्य पद्धतीत वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून वाजवतो आणि समोर स्वरलिपी असते. हिंदुस्थानी पद्धतीत तो मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि तारा षड्ज-पंचम संबंधाने लावतो. पहिल्या पद्धतीत डावा हात वाद्याखाली मोकळा राहून ठरावीक स्थानांत फिरतो. दुसरीत टोक स्थिर असल्यामुळे मींड व गमक यांसाठी हात तारेवरून सहज सरकतो. विद्यार्थ्याला कोणती परंपरा शिकायची आहे, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट होणे आवश्यक आहे. दोन्हींची सरमिसळ आरंभीच झाली, तर हात कोणत्याच पद्धतीत स्थिरावत नाही.

२. वाद्यांचे स्वरूप आणि त्याचा अध्यापनाशी संबंध

व्हायोलिनच्या चार तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा लावतात. व्हायोलाच्या तारा सी, जी, डी, ए अशा असतात. म्हणजे दोन्हींत तीन तारा समान असून व्हायोलिनची वरची ई तार व्हायोलाला नाही आणि व्हायोलाची खालची सी तार व्हायोलिनला नाही. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला १९६, तर व्हायोलाच्या सी तारेची सुमारे १३१ असते.

येथे एक महत्त्वाची विसंगती उद्भवते. व्हायोला व्हायोलिनपेक्षा पंचमाने खाली लागतो. त्या प्रमाणात त्याचा आकार वाढवायचा झाल्यास व्हायोलिनच्या दीडपट, म्हणजे सुमारे ५३ सेंटीमीटर लांबीचे धड हवे. एवढे वाद्य खांद्यावर धरणे अशक्य असल्याने प्रत्यक्षात व्हायोलाचे धड साधारणतः ३८ ते ४३ सेंटीमीटरांचेच करतात. परिणामी सी तार जाड व सैलसर राहते आणि आवाज देण्यास थोडा वेळ घेते. व्हायोलिनसारखा हलका व जलद गज तिच्यावर चालवल्यास स्वर फुटत नाही, केवळ खरखर होते. गजाची गती कमी करून हाताचे वजन अधिक द्यावे लागते. व्हायोलाचा गजही किंचित जड असतो. व्हायोलिनचा गज सुमारे ६० ग्रॅम, तर व्हायोलाचा सुमारे ७० ग्रॅम भरतो. या कारणांमुळे ‘व्हायोला म्हणजे मोठे व्हायोलिन’ ही समजूत अध्यापनात घातक ठरते.

दोन्ही वाद्यांच्या फिंगरबोर्डवर पडदे नसतात. सतार किंवा गिटार यांत पडदा स्वराची जागा निश्चित करतो. येथे ती जबाबदारी कानावर येते. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनच्या मोकळ्या तारेची लांबी सुमारे ३२५ मिलिमीटर असते. तीवर पहिला पूर्ण स्वर खुंटीकडील टोकापासून सुमारे ३५ मिलिमीटरवर येतो. त्या जागी बोट एका मिलिमीटरने सरकले, तर स्वर सुमारे ६ सेंट बदलतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. बालकाच्या चतुर्थांश आकाराच्या व्हायोलिनवर तारेची लांबी सुमारे २५० मिलिमीटर धरली, तर हाच पूर्ण स्वर सुमारे २७ मिलिमीटरवर येतो आणि एका मिलिमीटरची चूक सुमारे ८ सेंटची होते. अर्थात ज्याच्या बोटांवर नियंत्रण सर्वांत कमी, त्या बालकाच्या वाद्यावर चूक सर्वांत मोठी होते. लहान मुलाच्या बेसूरपणाचे कारण त्याच्या कानातच शोधणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

३. शिकण्याचा मूळ क्रम

कोणत्याही वयाचा विद्यार्थी असो, त्याला पुढील चार टप्प्यांतून जावे लागते : ऐकणे, स्वरनिर्मिती, स्वरस्थान आणि लिपी.

(अ) ऐकणे : जो स्वर मनात ऐकू येत नाही, तो बोटाने शोधता येत नाही. म्हणून बोट ठेवण्यापूर्वी स्वर गाऊन दाखवणे व विद्यार्थ्याकडून गाऊन घेणे ही सवय उपयुक्त ठरते. गाण्याचा संकोच असणाऱ्या विद्यार्थ्यानेही गुणगुणणे पुरेसे असते.

(आ) स्वरनिर्मिती : व्हायोलिनचा आवाज उजव्या हाताने घडतो. गजाची गती, दाब आणि घोडीपासूनचे अंतर या तीन घटकांवर स्वराचा कस अवलंबून असतो. यांपैकी एक बदलला की उरलेल्या दोहोंना जुळवून घ्यावे लागते. गज घोडीजवळ नेल्यास गती कमी व वजन अधिक हवे. फिंगरबोर्डकडे नेल्यास गती अधिक व वजन कमी हवे. मोकळ्या तारांवरील काही आठवड्यांचा अभ्यास कंटाळवाणा वाटला, तरी हा संबंध तेथेच कळतो. गज पकडताना उजव्या अंगठ्याचे पेर आत वळले की मनगट आखडते. ही चूक पहिल्या महिन्यात एका वाक्याने सुधारते, पाच वर्षांनंतर तिला कित्येक महिने लागतात.

(इ) स्वरस्थान : फिंगरबोर्डवर रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात की नाही, हा शिक्षकांमधील जुना वाद आहे. लिओपोल्ड मोझार्ट यांनी आपल्या ग्रंथात अक्षरे चिकटवण्याच्या व खुणा कोरण्याच्या तत्कालीन प्रथेवर स्पष्ट टीका केली आहे. कान तयार असेल तर खुणा नकोत आणि नसेल तर खुणांनी तो तयार होणार नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय आहे. तथापि लहान मुलांच्या बाबतीत एक-दोन तात्पुरत्या पट्ट्या हाताची चौकट बसवण्यास साहाय्यक ठरतात, असा अनेक शिक्षकांचा पवित्रा आहे. पट्टी केव्हा काढायची हे ती लावतानाच ठरवलेले असावे, हा यातील समन्वयाचा मार्ग होय.

पट्टीपेक्षा अधिक विश्वासार्ह साधन वाद्यातच उपलब्ध आहे. डी तारेवर तिसरे बोट नेमके जी स्वरावर पडले, तर शेजारची मोकळी जी तार आपोआप कंप पावते आणि आवाज एकाएकी भरदार होतो. बोट किंचित चुकले तरी ही साथ मिळत नाही. डी तारेवरील पहिल्या बोटाचा ई स्वर व्हायोलिनच्या मोकळ्या ई तारेला जागवतो. व्हायोलावर ती तार नसल्याने तेथे ही साथ मिळत नाही. मात्र जी तारेवरील तिसऱ्या बोटाचा सी स्वर मोकळ्या सी तारेला जागवतो. असे ‘वाजणारे’ स्वर विद्यार्थ्याला प्रथम दाखवले, तर शिक्षकाच्या अनुपस्थितीतही त्याला स्वतःची परीक्षा घेता येते.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. हार्मोनियम, भजन किंवा शाळेतील संगीताच्या तासामुळे अनेकांना सरगम परिचित असते. मोकळ्या डी तारेला षड्ज मानल्यास त्या तारेवर सा, रे, ग, म आणि मोकळ्या ए तारेपासून प, ध, नी व तार षड्ज असे शुद्ध स्वरांचे सप्तक एकाच बोटरचनेत बसते. त्यानंतर डी मेजर ही संज्ञा परकी वाटत नाही. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. तानपुऱ्यावरील शुद्ध गांधार पियानोच्या तुल्य स्वरापेक्षा सुमारे १४ सेंटने खाली असतो. डी तारेवर हा फरक सुमारे २ मिलिमीटरचा होतो. ट्यूनरच्या काट्याकडे पाहून वाजवणाऱ्याला आणि तानपुऱ्याच्या साथीने वाजवणाऱ्याला वेगवेगळी जागा ‘बरोबर’ वाटेल. दोन्ही बरोबर असू शकतात. साथ कोणाची आहे हे ओळखायला शिकवणे हे शिक्षकाचे काम होय.

(ई) लिपी : लिपी शेवटी येते याचा अर्थ ती गौण आहे असा नाही. भाषा बोलता आल्यावर वाचता येते, हा न्याय येथेही लागू पडतो. मात्र वाचन फार लांबवले, तर विद्यार्थी केवळ अनुकरणावर विसंबतो आणि वाद्यवृंदात बसण्याच्या वेळी मागे पडतो.

४. बालविद्यार्थी

बालकांसाठी व्हायोलिन पूर्ण आकाराखेरीज तीन चतुर्थांश, अर्धे, चतुर्थांश, अष्टमांश, षोडशांश अशा आकारांत मिळते. ही नावे प्रत्यक्ष मोजमापाची नाहीत. पूर्ण वाद्याचे धड सुमारे ३५.५ सेंटीमीटर, तर ‘अर्ध्या’चे सुमारे ३१ सेंटीमीटर असते. आकार वयावरून नव्हे तर हाताच्या लांबीवरून ठरवावा. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात पुढे केल्यावर टोकाची गुंडाळी तळव्यात येऊन बोटे तिच्याभोवती सहज वळली पाहिजेत. ‘पुढे वापरता येईल’ म्हणून एक आकार मोठे वाद्य घेण्याची काटकसर पालक अनेकदा करतात. शाळेच्या गणवेशात ती चालते. वाद्यात तिची किंमत मुलाचा खांदा व मनगट मोजतात.

सुझुकी यांच्या पद्धतीचा पाया मातृभाषेच्या दृष्टान्तावर उभा आहे. मूल जसे ऐकून बोलू लागते तसेच ऐकून वाजवू लागेल, असे त्यांचे मत होते. रोजचे श्रवण, पालकाची उपस्थिती, शिकलेल्या रचनांची सतत उजळणी, उशिरा होणारा लिपीपरिचय आणि अधूनमधून सामूहिक वर्ग ही तिची मुख्य अंगे होत. आईने किंवा वडिलांनी आधी स्वतः थोडे वाजवायला शिकावे, अशीही त्यात अपेक्षा असते. भारतीय गुरुमुखी परंपरेशी या पद्धतीचे साम्य लक्षणीय आहे. फरक एवढाच की येथे गुरूचे अर्धे काम घरातील पालक करतो. दोन्ही पालक नोकरी करणाऱ्या घरात ही अपेक्षा जड जाते. तेथे आजी-आजोबांपैकी कोणी शिकवणीला बसत असेल, तर तेही पुरेसे होते. पालकाने सूर सुधारण्याची गरज नाही. काय करायचे होते हे लक्षात ठेवणे व ते आनंदाने करवून घेणे एवढेच त्याचे काम.

पाच-सहा वर्षांच्या मुलाची एकाग्रता टिकण्याचा काळ अल्प असल्याने तासाभराच्या एका शिकवणीपेक्षा वीस ते तीस मिनिटांच्या दोन शिकवण्या अधिक फलदायी ठरतात. प्रत्येक शिकवणीत एकच सुधारणा निवडावी. मनगट, कोपर, सूर व लय या चारही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या, तर मूल चारही विसरते आणि ‘मला येत नाही’ एवढेच घरी घेऊन जाते.

५. कुमारवयीन विद्यार्थी

बारा ते सतरा या वयात शरीर झपाट्याने वाढते. हाताची लांबी बदलल्याने पूर्वी अचूक पडणारी बोटे अचानक चुकू लागतात. आकार बदललेल्या वाद्यावर तर ही अडचण दुप्पट होते. हा तात्पुरता काळ आहे हे विद्यार्थ्याला व पालकांना आधीच सांगून ठेवावे. अन्यथा त्याचा अर्थ ‘अभ्यास कमी झाला’ असा लावला जातो.

महाराष्ट्रात याच वयात दहावी व बारावीच्या परीक्षा येतात आणि वाद्य बासनात जाते. पुढे ते उघडले जाईलच असे नाही. या काळात शिकवणी पूर्ण थांबवण्याऐवजी पंधरवड्यातून एकदा अर्ध्या तासाची ठेवावी व नवे काही न शिकवता परिचित रचना वाजवून घ्याव्यात. त्यामुळे हात टिकतो आणि मुख्य म्हणजे नाते टिकते.

व्हायोलाकडे वळण्याचा प्रश्नही बहुधा याच वयात येतो. वाद्यवृंदाला व्हायोलावादकांची उणीव नेहमीच भासते आणि ती भरून काढण्यासाठी तुलनेने कच्च्या व्हायोलिनवादकाला तिकडे पाठवण्याची वाईट प्रथा अनेक ठिकाणी आढळते. विद्यार्थी ती शिक्षा समजतो आणि त्याचे समजणे चुकीचेही नसते. वस्तुतः लायोनेल टर्टिस व विल्यम प्रिमरोज हे विसाव्या शतकातील थोर व्हायोलावादक आरंभी व्हायोलिनच वाजवत होते आणि त्यांनी आवडीने हे वाद्य निवडले. वोल्फगांग मोझार्ट यांना व्हायोला प्रिय होता. १७७९ च्या सुमारास त्यांनी व्हायोलिन व व्हायोला यांना समान मान देणारी सिंफोनिया कॉन्चेर्टान्ते रचली. भारतात एम. बालमुरलीकृष्ण यांनी कर्नाटक संगीतात व्हायोला हाताळला.

व्हायोलासाठी योग्य विद्यार्थी ओळखण्याची लक्षणे अशी सांगता येतील : खालच्या स्वरांची ओढ, हाताचा पुरेसा आवाका, आणि मुख्य धून वाजवण्यापेक्षा आतल्या स्वरांची गुंफण ऐकण्यात रस. अशा विद्यार्थ्याला तीन नव्या गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली, आल्टो क्लेफ. त्यात मधल्या रेषेवर मध्य सी असतो. व्हायोलिनची बोटरचना मनात धरून रेषा ‘ओळखण्याची’ पळवाट आरंभी सोपी वाटते, परंतु पुढे ती वाचनाचा गोंधळ करते. दुसरी, बोटांतील वाढलेले अंतर. तारेची लांबी सुमारे ३७० मिलिमीटर असल्यास पहिला पूर्ण स्वर सुमारे ४० मिलिमीटरवर जातो. हे अंतर बोटे ताणून नव्हे, तर कोपर थोडे आत आणून व हात किंचित वळवून साधावे. तिसरी, आधी सांगितलेले गजाचे संथ वजन. टेलेमान यांचा जी मेजरमधील व्हायोला कॉन्चेर्टो या टप्प्यावर अनेक शिक्षक वापरतात, कारण त्याच्या पहिल्या संथ भागात हे तिन्ही गुण एकत्र तपासले जातात.

६. प्रौढ व ज्येष्ठ विद्यार्थी

‘व्हायोलिन लहानपणीच सुरू केले पाहिजे’ ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे. तिला काही शास्त्रीय आधारही दाखवला जातो. १९९५ साली थॉमस एल्बर्ट व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तंतुवाद्यवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचे प्रतिनिधित्व वाढलेले आढळले आणि लवकर आरंभ केलेल्यांत ही वाढ अधिक होती. तथापि हा अभ्यास मोजक्या वादकांवर झाला होता. शिवाय लवकर आरंभ करणाऱ्यांत बदल अधिक दिसला, यावरून उशिरा आरंभ करणाऱ्याला शिकताच येत नाही असे अनुमान निघत नाही.

प्रौढाच्या बाजूने बऱ्याच गोष्टी असतात. तो सूचना समजून घेतो, कारण विचारतो, स्वतःचा सराव आखू शकतो आणि स्वेच्छेने आलेला असतो. त्याची खरी अडचण वेगळी असते. त्याची रसिकता हातांच्या कितीतरी पुढे गेलेली असते. तीस वर्षे उत्तम वादन ऐकलेल्या कानाला स्वतःचा पहिला स्वर असह्य वाटतो. बालकाला असा न्यूनगंड नसतो. म्हणून प्रौढाला पहिल्या तीन महिन्यांत काय ऐकू येईल आणि काय येणार नाही, याची स्पष्ट कल्पना देणे ही शिक्षणाचीच पायरी होय. त्याला बडबडगीतांचे पुस्तक देण्याऐवजी साधी, पण ओळखीची व प्रौढ रुचीची धून द्यावी. भूपासारख्या पाच स्वरांच्या रागातील संथ आलाप मोकळ्या तारेच्या साथीने वाजवता येतो आणि त्यात संगीताचे समाधानही मिळते.

ज्येष्ठ विद्यार्थ्याच्या बाबतीत मान, खांदा व बोटांचे सांधे यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शोल्डर रेस्टची उंची, चिन रेस्टचा आकार, बसण्याची खुर्ची आणि स्टँडची उंची यांतील लहान बदल मोठा फरक करतात. स्वरलिपी मोठ्या अक्षरात छापून द्यावी. सांधेदुखी असल्यास मोठ्या व्हायोलाचा आग्रह टाळावा. सरावही दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत करावा. ज्येष्ठ विद्यार्थ्याला मैफल करायची नसते. नातवंडाच्या वाढदिवशी एक धून न अडखळता वाजवणे हे त्याचे ध्येय असू शकते. ते ध्येय कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

७. सराव व परीक्षा

आठवड्यातील १६८ तासांपैकी शिकवणीचा एक तास वगळता विद्यार्थी शिक्षकाविना असतो. म्हणून सराव कसा करावा हे शिकवणे हाच शिकवणीचा मुख्य विषय मानावा लागतो. गॅलेमिअन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात सरावाचे तीन भाग केले आहेत : तंत्र घडवण्याचा, अर्थ लावण्याचा आणि प्रत्यक्ष सादरीकरणाचा. घरगुती सरावात बहुधा केवळ तिसराच भाग घडतो. विद्यार्थी रचना आरंभापासून शेवटपर्यंत वाजवतो, चूक त्याच जागी पुन्हा होते आणि तीही पाठ होते. अवघड दोन मात्रा बाजूला काढून संथ लयीत वाजवणे, मग आधीची व नंतरची एक मात्रा जोडणे, हा उपाय सर्व वयांना लागू पडतो.

तासांच्या संख्येविषयीही काही गैरसमज आहेत. अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधील व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून पुढे ‘दहा हजार तासां’ची लोकप्रिय कल्पना निघाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पुनरभ्यासात मात्र चांगले व सर्वोत्तम वादक यांच्या सरावतासांत तसा फरक आढळला नाही. यावरून तास निरर्थक ठरत नाहीत. परंतु केवळ तास मोजून मुलाचे भवितव्य ठरवणे अयोग्य आहे, एवढे निश्चित.

परीक्षांच्या बाबतीत पाश्चात्त्य पद्धतीसाठी असोसिएटेड बोर्ड व ट्रिनिटी यांच्या आठ श्रेणी आणि हिंदुस्थानी पद्धतीसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा प्रचलित आहेत. त्यांमुळे शिस्त लागते, पालकांना प्रगती दिसते. पण वर्षभर त्याच तीन रचना घोकून पुढची श्रेणी गाठणारा विद्यार्थी नवी ओळ वाचू शकत नाही, हेही वारंवार दिसते. दोन परीक्षांमध्ये काही महिने मुक्त वादनाचे ठेवणे हितावह होय.

८. शिक्षकाची जबाबदारी

वैयक्तिक शिकवणीत शिक्षकावर तीन प्रकारची जबाबदारी येते.

पहिली शरीराची. वाजवताना दुखणे हा प्रगतीचा भाग आहे ही समजूत टाकून दिली पाहिजे. बोटांच्या टोकांना आरंभी येणारा कठीणपणा वेगळा आणि मनगट, मान किंवा अंगठ्यातील वेदना वेगळी. दुसऱ्या प्रकारची वेदना सांगताच सराव थांबवून बैठक तपासावी. ती टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी विश्वासाची. हात वळवण्यासाठी, खांदा खाली आणण्यासाठी शिक्षकाला स्पर्श करावा लागतो. म्हणून प्रत्येक वेळी आधी विचारणे, शक्य तेथे स्वतः करून दाखवणे, खोलीचे दार उघडे ठेवणे आणि अल्पवयीन विद्यार्थ्याच्या पालकाला केव्हाही बसण्याची मुभा देणे, हे नियम शिकवणीच्या आरंभीच सांगावेत. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा खासगी शिकवणीच्या दारापाशी थांबत नाही. गुरूविषयीचा आदर हा या नियमांना पर्याय होऊ शकत नाही. उलट हे नियम पाळल्यानेच तो आदर टिकतो.

तिसरी वाद्याची. कोकण, मुंबई व गोवा येथील पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, गजाचे केस लांबून ताण धरत नाहीत आणि सरसाने जोडलेले सांधे सुटण्याची भीती असते. कोरड्या हवेत याउलट खुंट्या घसरतात. वाजवून झाल्यावर गज सैल करणे, तारांवरील राळेची भुकटी पुसणे व पेटीत आर्द्रता शोषणारी पुडी ठेवणे या सवयी पहिल्याच महिन्यात लावाव्यात. गज कधीच सैल न केल्यामुळे त्याचा बाक गेला, तर विद्यार्थी दोष स्वतःच्या हाताला देतो.

२०२० नंतर ऑनलाइन शिकवणी रूढ झाली. दूरच्या गावातील विद्यार्थ्याला तिने शिक्षक मिळवून दिला, हा तिचा लाभ आहे. परंतु आवाज पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे शिक्षक व विद्यार्थी एकत्र वाजवू शकत नाहीत आणि ध्वनीचा कस यंत्रातून पुरता कळत नाही. ज्याची बैठक पक्की झाली आहे त्याला ती उपकारक. नवख्यासाठी मात्र महिन्यातून एखादी तरी प्रत्यक्ष भेट आवश्यक ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ऐकणे, स्वरनिर्मिती, स्वरस्थान व लिपी हा क्रम सर्व वयोगटांत समान आहे. बदलतो तो प्रत्येक टप्प्याला द्यावयाचा वेळ आणि त्यासाठी वापरावयाची साधने.

२. बालकासाठी योग्य आकाराचे वाद्य व पालकाचा सहभाग, कुमारांसाठी सातत्य व निवडीचे स्वातंत्र्य, प्रौढांसाठी वास्तव अपेक्षा आणि ज्येष्ठांसाठी शरीराची काळजी हे निर्णायक घटक होत.

३. व्हायोला हे स्वतंत्र वाद्य असून त्याची निवड गुणांवरून व्हावी, उणिवांवरून नव्हे.

४. सरगमचे पूर्वज्ञान आणि तानपुऱ्याची साथ ही मराठी विद्यार्थ्याची बलस्थाने आहेत. पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षकानेही त्यांचा उपयोग करून घ्यावा.

५. खासगी शिकवणीवर बाह्य नियंत्रण नसल्याने वेदना, स्पर्श व सुरक्षितता यांविषयीचे नियम शिक्षकाने स्वतःहून घालून घेणे अपरिहार्य आहे.

एका खोलीतील या शिक्षणाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. वाद्यवृंदातील वादक, मैफलीतील श्रोता आणि सायंकाळी स्वतःसाठी वाजवणारा गृहस्थ हे तिघेही मात्र त्याच खोलीत घडतात. विद्यार्थी पुढे व्यावसायिक होवो अथवा न होवो, त्याने वाद्य दुखणे म्हणून नव्हे तर सोबत म्हणून जवळ ठेवले, तर शिकवणी सफल झाली असे मानण्यास हरकत नाही.